डिस्प्ले येत नाही

जुना कॉम्प्युटर एखाद्या सकाळी चालू होत नाही, तेव्हा घरातली माणसं त्याला फार लवकर मेलेला ठरवतात. बटण दोन-चारदा दाबलं जातं, मागच्या केबली हलवून बघितल्या जातात, कॅबिनेटवर एक थापही पडते. मग ‘गेला’ असं म्हणून त्याच्यावर जुनी चादर टाकतात आणि दिवाळीच्या साफसफाईत तो भंगारवाल्याच्या हातगाडीवर किलोच्या भावानं चढतो. मला याचं मनापासून वाईट वाटतं. असा कॉम्प्युटर सहसा सगळाच्या सगळा गेलेला नसतो. त्यातला एखादा भाग गेलेला असतो, फार तर दोन, आणि त्यांच्यापायी बाकीचे धडधाकट भाग गप्प बसलेले असतात. कोणता भाग गेलाय हे शोधायला पैसे फार लागत नाहीत. वेळ लागतो, कान लागतात आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची शिस्त लागते.

माझे काका सांगलीच्या गावभागात डीटीपी करायचे. वरच्या मजल्यावरची खोली, खिडकीशी कॉम्प्युटर, शेजारी लेझर प्रिंटर, कोपऱ्यात ट्रेसिंग पेपरचे गठ्ठे. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, शाळांच्या स्मरणिका, दिवाळी अंक, कुणाकुणाचे कुलवृत्तांत असं सगळं त्यांच्या बोटांखालून गेलं. पेजमेकरमध्ये पानं लावायची, ट्रेसिंगवर प्रिंट काढायची आणि ऑफसेटवाल्याकडे प्लेटसाठी पाठवायची, असा त्यांचा दिवस असे. कोविडच्या काळात काम थांबलं आणि पुन्हा उभं राहिलं नाही. कॉम्प्युटर तसाच टेबलावर राहिला.

त्या कॉम्प्युटरमध्ये जात्यावरच्या ओव्या होत्या. एका निवृत्त शिक्षिकेनं वाळवा आणि पलूस तालुक्यांतल्या गावांतून त्या जमवलेल्या. आम्ही त्यांना नुसतं बाई म्हणतो. सुट्टीच्या दिवशी एसटीनं जायचं, म्हाताऱ्यांच्या शेजारी ओट्यावर बसायचं आणि वहीत उतरून घ्यायचं, हे काम त्या नोकरीभर करत राहिल्या. काकांनी ते सगळं टाइप केलं, पण पुस्तक छापायचं राहून गेलं. वह्या बाईंच्या तळमजल्यावरच्या कपाटात होत्या. ऑगस्ट २०१९मध्ये कृष्णेचं पाणी गावभागात शिरलं तेव्हा त्या गेल्या. काकांनी सीडीवर एक प्रत काढून ठेवली होती, तिचा चमकता थर पापुद्र्यासारखा सुटून आलेला. ज्यांनी ओव्या सांगितल्या त्यांतल्या बहुतेकजणी आता नाहीत.

काकांचा फोन आला. “अगं, बाई ओव्यांची फाइल मागतायत. मी बटण दाबलं तर पंखा जरासा हलतो नि थांबतो. दुकानवाला म्हणाला, बोर्ड गेला, नवीन घ्या. तू येऊन बघशील का?”

मी गेले. कॅबिनेट उघडण्याआधी मी काकांना बोलतं केलं. चांगला वैद्य नाडी बघण्याआधी रोग्याची हकीकत ऐकतो, आणि यंत्राच्या बाबतीत ती सांगणारा माणूस म्हणजे ते रोज वापरणारा. दुरुस्तीवाले ही पायरी गाळतात, याचा मला राग येतो. काकांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, काम बंद होण्याआधीच्या हिवाळ्यात तो सकाळी चालू व्हायचा नाही. दुपारी खोलीत ऊन आलं की व्हायचा. दुसरी, त्याचं घड्याळ दर वेळी मागं जायचं, म्हणून अहवालांवरची तारीख ते हातानं टाकायचे. त्यांना या बारीकसारीक कटकटी वाटत होत्या. माझ्या दृष्टीनं निम्मी तपासणी तिथंच झाली.

सकाळी अडणारा आणि उन्हात सुटणारा कॉम्प्युटर बहुधा कपॅसिटरकडे बोट दाखवतो. मदरबोर्डवर आणि वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसच्या पेटीत ॲल्युमिनियमच्या लहान-मोठ्या उभ्या डब्या असतात. त्यांच्यात पातळ पत्रा, कागद आणि त्या कागदात मुरलेला एक द्रव असतो. विजेतले चढउतार सपाट करण्याचं काम त्या करतात. वर्षं जातात तसा द्रव आटतो आणि डबीचा अंतर्गत अवरोध वाढतो. थंडीत तो आणखी वाढतो, ऊब मिळाली की उतरतो. म्हणून म्हातारी डबी पहाटे काम नाकारते आणि दुपारी कसंबसं करते. पुढं दुपारीही करेनाशी होते.

या डब्यांचा एक मोठा इतिहास आहे. साधारण १९९९ ते २००७ या काळात तैवानमधल्या काही उत्पादकांच्या कपॅसिटरमधल्या द्रवाचं मिश्रण सदोष निघालं. आत वायू तयार व्हायचा, डबीचं वरचं तोंड फुगायचं, कधी तपकिरी चिकट द्रव बाहेर यायचा. डबीच्या माथ्यावर जी अधिक चिन्हासारखी किंवा इंग्रजी के अक्षरासारखी खाच दिसते ती यासाठीच असते: फुगलीच तर स्फोट न होता त्या खाचेवर ती सावकाश फाटावी. जगभरातले लाखो मदरबोर्ड त्या दोषानं अकाली गेले. लोकांनी त्याचं खापर व्हायरसवर फोडलं, विंडोजवर फोडलं, विजेच्या कंपनीवर फोडलं. दोष मात्र चिमूटभर रसायनात होता आणि साध्या डोळ्यांनी दिसत होता. काकांचा बोर्ड त्यानंतरचा, २००९मध्ये पुण्याच्या तापकीर गल्लीतून आणलेल्या सुट्या भागांपैकी. इंटेलचा जी३१ चिपसेट, पेंटियम ड्युअल कोअर प्रोसेसर, डीडीआर२ रॅमची एक पट्टी. त्या सुमाराला महाराष्ट्रातल्या कितीतरी सायबर कॅफेंमध्ये आणि एमएस-सीआयटीच्या वर्गांमध्ये हाच जोड असायचा. टॉर्च मारून बघितलं, तर बोर्डावरच्या सगळ्या डब्यांची तोंडं सपाट होती.

पण बोर्डाकडे वळण्याआधी मी डिस्क काढून घेतली. यावर मी ठाम आहे. वीज नीट येत नाही अशी शंका असलेल्या कॉम्प्युटरला, ज्यात परत न मिळणारा मजकूर आहे ती डिस्क जोडलेली ठेवून बटण दाबत बसणं म्हणजे तो मजकूर पणाला लावणं आहे. बिघडलेला एसएमपीएस मरताना कधीकधी भलताच व्होल्टेज सोडतो आणि डिस्क सोबत घेऊन जातो. दुकानात नेल्यावर पहिला सल्ला मिळतो, ‘फॉरमॅट मारावा लागेल’. तो सल्ला ऐकून किती घरांचे फोटो, किती जणांचे प्रबंध पुसले गेले असतील याचा विचार केला की पोटात तुटतं. चालू न होण्याचा आणि डिस्कमधल्या मजकुराचा पुष्कळदा काडीचाही संबंध नसतो.

काकांची डिस्क साडेतीन इंची, १६० जीबीची. अशी डिस्क नुसत्या यूएसबीच्या विजेवर फिरत नाही, तिला १२ व्होल्टचा वेगळा पुरवठा लागतो. म्हणून मी ॲडॉप्टर सोबत नेलं होतं. जोडल्यावर आधी कान दिला. ‘टक, टक, टक’ असा ठराविक अंतरानं आवाज आला असता, तर तिथंच थांबून डिस्क जाणत्या माणसाकडे दिली असती. तसा आवाज म्हणजे आतली वाचणारी सुई जागा शोधते आहे आणि तिला ती सापडत नाही. अशा वेळी पुन्हापुन्हा प्रयत्न केले की उरलंसुरलंही ओरखडतं. इथं मात्र सलग घोंघावणं आलं. मी तिच्यावर काहीही न लिहिता सगळा मजकूर माझ्या लॅपटॉपवर उतरवून घेतला. ओव्यांचं फोल्डर होतं. काकांनी त्याला बाईंचं आडनाव दिलेलं.

काका म्हणाले, “मिळालं की मग! आता कशाला त्या डबड्याच्या मागं लागतेस?”

मी फाइल उघडून दाखवली. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, प्रश्नचिन्हं, कंस आणि डॉलरची चिन्हं यांचा गुंता होता. एकही ओवी नव्हती.

असं का होतं ते मराठी लिहिणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवं, असं मला वाटतं. आज आपण फोनवर ‘क’ लिहितो तेव्हा त्या ‘क’ला जगभर मान्य असलेला एक क्रमांक असतो. ती युनिकोडची देणगी. १९९१मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली तिच्यातच देवनागरी होती, आणि विंडोज एक्सपीबरोबर मंगल हा युनिकोड फॉन्टही घरोघरी आला. पण छपाईचा धंदा ज्या पेजमेकरवर चालायचा त्याला युनिकोड देवनागरी कळत नसे. पेजमेकरची २००१ची सातवी आवृत्ती हीच शेवटची मोठी ठरली. म्हणून डीटीपीवाले जुन्याच वाटेनं गेले. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकचं आयएसएम, आकृती, आणखी कितीतरी. यांतल्या प्रत्येकानं मराठी अक्षरांचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या जागी आपापल्या सोयीनं बसवले. काना एका जागी, अर्धा ‘त’ दुसऱ्या जागी, रफार तिसऱ्या जागी; आणि एकाची मांडणी दुसऱ्याला लागू पडत नाही. फॉन्ट आणि सॉफ्टवेअर समोर असेल तोवर पान सुबक मराठी दिसतं. ते काढून घेतलं की खाली उरतो तो हा गुंता.

काकांच्या सॉफ्टवेअरला डोंगलही लागायचं. प्रिंटरच्या पंचवीस पिनांच्या पोर्टमध्ये खोचायचा बोटभर लांबीचा ठोकळा. तो नसेल तर फॉन्ट उघडायचेच नाहीत. माझ्या लॅपटॉपला ते पोर्ट नाही. आता कुठल्याच लॅपटॉपला नसतं. तेव्हा ओव्या काकांनी लावल्या तशा मराठीत दिसाव्यात असं वाटत असेल, तर तोच बोर्ड, तीच विंडोज एक्सपी आणि तेच डोंगल पुन्हा चालू होणं भाग होतं. काका काही वेळ बोलले नाहीत. मग खाली जाऊन त्यांनी घरातला जुना पेंटब्रश आणून दिला. “धूळ झाडायला लागेल तुला.”

धूळ भरपूर होती. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली तिचा घट्ट नमदा झाला होता. तो साफ केला, प्रोसेसरवरची वाळून खडू झालेली उष्णतावाहक पेस्ट पुसून नवी लावली. आता खरी तपासणी.

पुढचं बटण वीज जोडत नाही, ही गोष्ट एकदा कळली की अर्धं कोडं सुटतं. पूर्वी ते जोडायचं. जुन्या एटी कॅबिनेटमध्ये २३० व्होल्टची जाड वायर थेट बटणापर्यंत आलेली असे, आणि विंडोज ९५ बंद केल्यावर ‘आता कॉम्प्युटर बंद करायला हरकत नाही’ अशा अर्थाचं वाक्य पडद्यावर येऊन माणसाच्या हाताची वाट बघे. १९९५मध्ये इंटेलनं एटीएक्स नावाची मांडणी आणली, आणि तेव्हापासून बटण फक्त विनंती करतं. ते मदरबोर्डवरच्या दोन पिना क्षणभर जोडतं. मदरबोर्ड हिरव्या वायरीतून एसएमपीएसला इशारा देतो. एसएमपीएस ३.३, ५ आणि १२ व्होल्टचे पुरवठे चालू करतो, ते नेमके आहेत का हे स्वतः पडताळतो आणि मगच राखाडी वायरीतून ‘वीज ठीक’ असा निरोप पाठवतो. एक दशांश ते अर्धा सेकंद, एवढ्या अवधीत तो निरोप येणं अपेक्षित असतं. तो येईपर्यंत प्रोसेसरला हलू दिलं जात नाही. हा सगळा व्यवहार कॉम्प्युटर ‘बंद’ असताना सुरू व्हायचा असतो, म्हणून भिंतीवरचं बटण चालू असेतोवर जांभळ्या वायरीतून पाच व्होल्ट सतत येत राहतात. त्या वायरीवरच सगळं अवलंबून असतं.

काकांच्या बोर्डावर हिरवा दिवा लागलेला होता. तो बघून दुकानवाल्यानं वीज ठीक आहे असं धरलं आणि दोष बोर्डावर ढकलला असणार. पण तो इवलासा दिवा पेटायला नाममात्र वीज पुरते. मी मल्टिमीटरचं एक टोक जांभळ्या वायरीला आणि दुसरं काळ्या वायरीला लावलं. पाच व्होल्टच्या पाच टक्के खाली-वर, म्हणजे ४.७५ ते ५.२५, इथवर चालतं. आकडा साडेचारच्याही खाली होता, आणि बटण दाबल्यावर आणखी घसरत होता. पंखा पाव फेरा फिरून का थांबतो, याचं उत्तर मिळालं. बोर्ड विनंती करत होता. एसएमपीएस उठायला बघत होता, पण त्याला स्वतःचाच भार झेपत नव्हता. हिवाळ्यातल्या सकाळी अडणाऱ्या डब्या त्याच्या पोटात होत्या.

इथं एक गोष्ट आवर्जून सांगते. एसएमपीएसची पेटी घरी उघडू नये. भिंतीतले २३० व्होल्ट आत गेल्यावर सरळ प्रवाहात बदलतात तेव्हा सुमारे ३२५ व्होल्ट होतात, आणि पिन काढल्यानंतरही मोठ्या कपॅसिटरमध्ये काही वेळ साठून राहतात. ती पेटी दुरुस्त करणारी जाणती माणसं अजून आहेत, त्यांच्याकडे द्यावी किंवा बदलावी. बदलताना लेबलावरचे वॅट बघून भुलू नये. ‘४५० वॅट’ असं छापलेली पेटी हातात घेतल्यावर रिकाम्या डब्याइतकी हलकी लागली, तर ती परत ठेवावी. तांबं आणि चांगले कपॅसिटर यांना वजन असतं.

बऱ्यापैकी वजनाचा एसएमपीएस आणला. जोडला, बटण दाबलं. पंखा फिरला आणि फिरत राहिला. काका खुर्चीतून उठून आले. मॉनिटर काळाच. “डिस्प्ले येत नाही गं,” ते म्हणाले आणि पुन्हा बसले.

पुष्कळ लोक नेमके इथं हार मानतात. खरं तर इथवर आलेला कॉम्प्युटर बराच पुढं आलेला असतो. वीज ठीक असल्याचा निरोप मिळाल्यावर प्रोसेसरला एकच पत्ता ठाऊक असतो: मेमरीच्या मोजणीचं शेवटचं टोक, त्याच्या सोळा बाइट अलीकडची जागा. १९७८मध्ये इंटेलनं ८०८६ काढला तेव्हापासूनची ही रीत आहे आणि ती आजही पाळली जाते. त्या पत्त्यावर बायोसची चिप उत्तर देते आणि एकेका अवयवाची हजेरी घ्यायला लागते. पडदा जागा होण्याआधी बरीच हजेरी होऊन गेलेली असते. त्या टप्प्यावर काही अडलं, तर ते लिहून दाखवायला पडदाच नसतो, म्हणून बायोस आवाज काढतो. कॅबिनेटमधला टिकलीएवढा स्पीकर त्यासाठी असतो. काकांच्या कॅबिनेटमधला नाहीसा झाला होता. तेवढासा तो भाग नसल्यानं बोर्डाचा आवाज ऐकूच येत नव्हता. एका मोडक्या कॅबिनेटमधून मी एक काढून आणला आणि चार पिनांवर बसवला.

पुन्हा बटण. लांब बीप, थांबून पुन्हा लांब बीप, पुन्हा तीच. या बोर्डावरच्या, अवॉर्ड कंपनीच्या बायोसमध्ये एक लांब आणि दोन आखूड म्हणजे डिस्प्ले कार्डाची तक्रार, एकच आखूड म्हणजे सगळं ठीक, आणि सारख्या लांब बीप म्हणजे रॅम. मला त्या आवाजानं फार बरं वाटलं. तक्रार करणारा बोर्ड जिवंत असतो, प्रोसेसर जिवंत असतो, बायोसही शाबूत असतो. रॅम मुद्दाम काढून ठेवून बटण दाबायची एक जुनी युक्ती आहे ती याचसाठी: रॅम नसताना बोर्ड ओरडला, तर बोर्ड गेलेला नाही हे सिद्ध होतं. ‘बोर्ड गेला’ असा निकाल देण्याआधी इतकं तरी करून बघायला हवं होतं.

डीडीआर२ रॅमच्या पट्टीला दोन्ही बाजू मिळून २४० सोनेरी दात असतात. सोनं गंजत नाही खरं, पण तो मुलामा अतिशय पातळ असतो, आणि कृष्णाकाठचा पावसाळा, खोलीतली ओल आणि धूळ यांचा थर त्यावर बसतो. आपल्याकडचा प्रत्येक दुरुस्तीवाला यावर शाळकरी खोडरबर वापरतो, आणि तो उपाय खरा आहे. मी पिन भिंतीतून काढली, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ दिली, पट्टी काढली, आणि काकांच्या टेबलाच्या खणातल्या खोडरबरानं दात हलक्या हातानं पुसले. खाचेत ब्रश फिरवला. पट्टी बसवली, दोन्ही बाजूंच्या कड्या ‘टक’ करून लागल्याची खात्री केली.

एक आखूड बीप. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं.

काका चष्मा पुसत जवळ आले. पडद्यावर सीमॉस चेकसमची, म्हणजे बोर्डानं लक्षात ठेवलेल्या नोंदी बिघडल्याची, तक्रार होती आणि एफ१ दाबायची सूचना. तारीख थेट बोर्ड बनल्याच्या सुमाराची. ही त्यांची दुसरी हकीकत. बोर्डावर एक गोल सेल असतो, सीआर२०३२. २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी, तीन व्होल्ट. कॉम्प्युटर बंद असताना घड्याळ चालतं ते त्याच्या जिवावर. घड्याळाचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या दोनाचा पंधरावा घात आहे, म्हणून तिला पंधरा वेळा निम्मं केलं की नेमका एक सेकंद उरतो. सेल संपला की बोर्ड तारीख विसरतो, आणि कुठल्या डिस्कवरून सुरू व्हायचं हेही पुष्कळदा विसरतो. मग चांगली डिस्क असूनही ‘डिस्क नाही’ असा संदेश येतो आणि लोक डिस्क बदलायला धावतात. घड्याळाच्या दुकानात मिळणाऱ्या सेलवर हे सगळं अडलेलं असतं. नवा सेल घातला, तारीख लावली, क्रम लावला.

त्यानंतरच डिस्क परत जोडली. एक्सपीची हिरवी टेकडी पडद्यावर आली. मायक्रोसॉफ्टनं ८ एप्रिल २०१४ला एक्सपीची देखभाल थांबवली आहे, म्हणून इंटरनेटची केबल लावली नाही. या कॉम्प्युटरला तिची गरजही नव्हती. डोंगल मागं खोचलेलंच होतं. काकांनी माऊस हातात घेतला, फोल्डर उघडलं, पेजमेकर उघडलं. पानावर ओव्या होत्या, प्रत्येकीखाली सांगणारीचं नाव आणि गाव.

पुढचं काम अधिक कंटाळवाणं होतं, आणि तेच खरं महत्त्वाचं होतं असं मी मानते. कॉम्प्युटर चालू झाला म्हणून मजकूर वाचला असं होत नाही. तो याच कॉम्प्युटरमध्ये अडकलेला असेतोवर पुढच्या बिघाडाची टांगती तलवार राहते. आधी सगळ्या पानांच्या पीडीएफ केल्या, म्हणजे पान जसं दिसतं तसं तरी टिकलं. मग मजकूर काढून युनिकोडमध्ये बदलला. बदलून देणारी सॉफ्टवेअर आहेत, आणि ती बरीचशी बिनचूक चालतात, पण डोळे झाकून विसंबावं इतकी नाहीत. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं दिसण्याच्या क्रमानं साठवलेली असत. ऱ्हस्व वेलांटी आधी, व्यंजन नंतर, रफार भलतीकडे. युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमानं असतात. ही अदलाबदल करताना जोडाक्षरं घसरतात, आणि सगळ्यात जास्त घसरतो तो ‘वाऱ्या’तला, ‘सासऱ्या’तला अर्धा र. ओव्यांमध्ये तो ठायीठायी येतो.

म्हणून बाई रोज दुपारी येऊन बसू लागल्या. काका जुन्या मॉनिटरवरून वाचायचे, मी लॅपटॉपवर तपासायचे आणि बाई ऐकायच्या. काही ठिकाणी त्या हात वर करायच्या. “थांबा. तिनं असं सांगितलं नव्हतं. कुंडलच्या त्या बाईंचं ‘दळीते’ होतं, तुम्ही ‘दळते’ टाकलंय.” काकांनी प्रमाण भाषेत सरळ केलेले असे शब्द त्यांनी पुन्हा मूळ बोलीत नेले. ही दुरुस्ती कुठल्याही सॉफ्टवेअरला जमली नसती. ती करायला बाई हयात असणं आणि कॉम्प्युटर चालू होणं या दोन्ही गोष्टी एकाच वेळी व्हाव्या लागल्या.

गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायकांकडून गोळा केलेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांपैकी पुष्कळ आज ‘पारी’ या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतात, काही ऐकताही येतात. त्यांच्यामागं संस्था होती, सहकारी होते, नोंदींची शिस्त होती. बाईंच्यामागं फक्त काकांचा कॉम्प्युटर होता. महाराष्ट्रात असे किती कॉम्प्युटर असतील! तालुक्याच्या गावातले डीटीपीवाले आता साठी-सत्तरीत आहेत. स्थानिक इतिहास, कीर्तनकारांची आख्यानं, बंद पडलेली नियतकालिकं, कुलवृत्तांतांच्या वंशावळी, एकाच आवृत्तीत संपलेली पुस्तकं. १९९०नंतरच्या तीसेक वर्षांत मराठीत जे छापलं गेलं त्यातल्या पुष्कळाचं मूळ टंकन या माणसांच्या डिस्कवर आहे. ग्रंथालयात पुस्तकाची प्रत असेलही. पण शोधता येईल, पुन्हा छापता येईल, अंध वाचकाला यंत्रावर ऐकता येईल असा मजकूर तिथंच आहे. आणि जे छापलंच गेलं नाही ते फक्त तिथं आहे.

तेव्हा तुमच्या घरात, छापखान्यात, शाळेच्या कपाटावर असा एखादा बंद कॉम्प्युटर पडून असेल, तर त्याला ‘गेला’ म्हणू नका. भंगारात काढायचाच असेल, तर निदान आधी डिस्क काढून घ्या, तिची प्रत करा आणि डोंगल, फॉन्टच्या सीड्या, त्या सॉफ्टवेअरची पुस्तिका हे सगळं एका डब्यात एकत्र ठेवा. ज्यांनी ते टाइप केलं त्यांना विचारा, कुठला फॉन्ट वापरला होता, आणि ते नाव डब्यावर लिहून ठेवा. तो चालू करून बघायची तयारी असेल, तर एसएमपीएस, रॅम आणि सेल या तीन गोष्टींपासून सुरुवात करा. आणि हे या उन्हाळ्यातच करा. पावसाळ्याची ओल आणखी एका वर्षासाठी त्याच्यावर बसू देऊ नका.